झोप लागली तर शिफारस

अक्का परक्याच्या घरात दुपारी झोपत. घरातला भाऊ, नवरा किंवा मुलगा तुरुंगात असेल, अशाच घरात. आधी कधी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नसे, घरातल्या माणसांची ओळखही नसे. जेवण झालं की त्या पदर खोचून उठत आणि विचारत, "तो कुठं झोपायचा?" घरातले भांबावून एखादी खाट दाखवत, एखादा कोपरा दाखवत. अक्का चष्मा काढून माझ्या हातात देत, तिथं आडव्या होत आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटत. त्या उठेपर्यंत मी, एक सरकारी अधिकारी, हातात चष्मा घेऊन ओट्यावर बसून राहायचो.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मुंबईला समाजसेवेचं शिक्षण घेऊन मी नुकताच धुळ्याला रुजू झालो होतो. शिक्षेच्या मध्येच थोड्या दिवसांसाठी कैद्याला घरी सोडायचं, म्हणजे पॅरोलवर, ही कल्पना तेव्हा लोकांना नवी होती. अर्ज आले की मी चौकशी करायची, अहवाल लिहायचा आणि एका छोट्या समितीपुढे ठेवायचा. समितीनं शिफारस केली तर पुढे वरून हुकूम यायचा. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते. आणि सभासद म्हणून अक्का.

त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. उंच, हाडकुळा बांधा, खादीचं जाडंभरडं लुगडं आणि त्याखाली पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. चपलेनं चिखलात पाय घसरतो आणि बाईमाणूस पडलं की सगळं गाव बघतं, म्हणून बूट. बेचाळीसच्या चळवळीत त्या काही महिने तुरुंगात जाऊन आल्या होत्या. धुळ्याच्या तुरुंगाच्या दाराशी आल्या की शिपायाला म्हणत, "उघड रे बाबा, माहेरवाशीण आली." आत गेल्या की कैद्यांची विचारपूस करता करता त्यांचं शुद्धलेखन सुधारत. एकदा एका दरोडेखोरानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहून आणला. अक्कांनी तो वाचला, 'कृपा' हा शब्द त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतला आणि मगच माझ्याकडे दिला. तो म्हणाला, "अक्का, सारा जलम गया, कोनी असं शिकाडं नही." अक्का म्हणाल्या, "कुणी शिकवायला धरून ठेवलं असतं तर दरोड्याला वेळ मिळाला नसता."

समितीत कायम एकच वाद. न्यायाधीशसाहेबांचं म्हणणं, निम्मी शिक्षा भोगून झाल्याशिवाय पॅरोलचं नावही काढू नये. माणूस जितका जास्त आत राहील तितका निवतो, आणि निवलेला माणूस बाहेर जाऊन नीट वागतो. माझं शिक्षण याच्या उलट बोलत होतं. फार दिवस आत राहिलेल्या माणसाला बाहेरचं जग झेपत नाही, तेव्हा लवकर सोडलेलं बरं. आम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे भांडायचो. अक्का मधेच बडीशेप चघळत म्हणायच्या, "तो आत किती राहिला ते तुम्ही मोजा. बाहेर त्याची जागा किती राहिली ते मी बघून येते."

आणि त्या बघून येत, म्हणजे झोपून येत. छान झोप लागली तर शिफारस. लागली नाही तर त्या कूस बदलत राहत, उठून तोंड धूत आणि एस.टी.त बसल्यावर म्हणत, "नको, भाऊ. त्या घरात त्याला कुणी आडवं होऊ देणार नाही."

मला हा प्रकार सुरुवातीला फार लाजिरवाणा वाटायचा. अहवालात मी काय लिहू? मी 'घरातील वातावरण अनुकूल' असं लिहायचो.

त्यांचं नेहमी बरोबर येई असं मात्र नाही. जामनेरच्या बाजारात हमाली करणारा एक तरणाबांड माणूस मारामारीत शिक्षा होऊन आत आला होता. त्याला येऊन फारसे दिवस झाले नव्हते. न्यायाधीशसाहेब नाही म्हणत होते. आम्ही त्याच्या घरी गेलो. घर म्हणजे एकच खोली, पण शेणानं स्वच्छ सारवलेली. आईनं कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. बायको दाराआडून हसून बोलत होती. अक्का जेवल्या, आडव्या झाल्या आणि अशा गाढ झोपल्या की आमची परतीची एस.टी. चुकली. अर्थातच शिफारस झाली. गडी दोन आठवड्यांच्या रजेवर घरी गेला आणि मुदत संपली तरी परत आला नाही.

पोलिसांनी सगळीकडे शोधलं. भुसावळचं स्टेशन पाहिलं, नातेवाईक पाहिले. तो कुठंच गेला नव्हता. घरातच धान्याच्या कणगीत बसला होता. आई वरून भाकरी सोडत होती.

न्यायाधीशसाहेबांनी समितीत चष्म्यावरून अक्कांकडे नुसतं पाहिलं. अक्का त्याच दिवशी तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या. परत आल्या तेव्हा त्यांना हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. "घर चांगलं होतं हो," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच चांगलं. थोडेच दिवस झालेले, सगळ्या गोष्टी अजून उबदार. पाय निघाला नाही पोराचा. मी फक्त येणाऱ्याचा विचार केला. परत जाणाऱ्याचा केलाच नाही."

त्या माणसाची शिक्षा वाढली. अक्का दर महिन्याला त्याच्या आईकडे जात राहिल्या. तिथं मात्र पुन्हा कधी झोपल्या नाहीत.

ही झोपायची सवय कुठून लागली, ते त्यांनी मला एकदा पारोळ्याच्या रस्त्यावर एस.टी.त सांगितलं. गाडी बिघडून उभी होती, आणि ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्या सहज बोलाव्या तशा बोलल्या. लहानपणीच विधवा झालेल्या अक्का भावाच्या घरी राहत. तुरुंगातून सुटल्या तेव्हा स्टेशनवर हार होते, घोषणा होत्या, मिरवणूक निघाली. घरी ओवाळून आत घेतलं. जेवणं झाली, माणसं पांगली. त्यांच्या खोलीत वहिनीनं बाळाचा पाळणा बांधला होता.

"वहिनी काही वाईट नव्हती," अक्का म्हणाल्या. "पाळणा काढते म्हणाली. मीच नको म्हटलं, पोर झोपलेलं होतं. मग सगळे उभेच राहिले. मला कुठं निजवायचं ते कुणाला सुचेना. मी गेले होते किती दिवस? थोडेच महिने. तेवढ्यात घर माझ्या जागेवर येऊन मिटलं होतं. पाण्यातनं हात काढला की पाणी मिटतं ना, तसं."

"मग?"

"मग काय? शाळेजवळ खोली घेतली. छान राहिले. पण माझ्याकडे पगार होता, भाऊ. या लोकांकडे काय असतं?"

ड्रायव्हरनं हँडल मारलं, गाडी सुरू झाली, आणि अक्का कंडक्टरला उशीर झाल्याबद्दल फैलावर घेऊ लागल्या.

त्यानंतर त्या झोपल्या की मी चष्मा हातात घेऊन निमूट बसू लागलो.

भडगावजवळच्या एका खेड्यातल्या माणसाचा अर्ज आला, तो याच सुमाराला. गिरणेच्या पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून त्यानं आपल्या चुलत भावाच्या डोक्यात दांडा घातला होता. एकच घाव, पण भाऊ जागच्या जागी गेला. जन्मठेप झाली. आत बरीच वर्षं काढलेला, कुणाच्या अध्यामध्यात नसलेला, सुतारशाळेत मान खाली घालून रंधा मारणारा असा तो माणूस होता. मुलीचं लग्न ठरलं होतं, तेवढ्यासाठी रजा हवी होती.

यावेळी न्यायाधीशसाहेब आणि मी दोघंही घुटमळलो. त्यांना वाटत होतं, खून म्हणजे खून, अजून दोन-तीन वर्षं जाऊ द्यावीत. मला भीती वेगळीच होती. मेलेल्या भावाचं घर त्याच गल्लीत, पलीकडेच होतं. लग्नाच्या गर्दीत कुणी जुना हिशेब काढला तर?

"शिक्षा संपायची तेव्हा संपेल," अक्का म्हणाल्या. "मुलीचं लग्न काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

आम्ही गावी गेलो. त्याची बायको चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलण्यात ठाम. नवरा तुरुंगात गेला तेव्हा पदरात तान्ही मुलगी होती. दिरानं शेत मागितलं, हिनं दिलं नाही. स्वतः नांगर धरला, कापूस लावला, मुलगी वाढवली आणि आता स्थळही स्वतःच शोधलं होतं. जेवण झाल्यावर अक्कांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं खाटेकडे बोट दाखवलं. खाटेवर सरकीची पोती रचलेली होती.

ती पोती उचलायला धावली नाही. अक्काही थांबल्या. मग त्यांनी तिला चुलीपाशी नेलं आणि माझ्या देखतच विचारलं, "तुले तो घरमा पाहिजे का?"

मी खाली बघू लागलो. असा प्रश्न माझ्या कुठल्याच छापील कागदावर नव्हता.

बाई बराच वेळ निखारे सारखे करत बसली. "खोटं सांगू का खरं सांगू?"

"खरं सांग."

"पोरना बाप शे. लगीनले येवो, मना जीवले बरं वाटी. पन मी आते कोनले इचारीसन काही करस नही, अक्का. त्यासनी पाव्हनासारखं ऱ्हावं. मंग पुढलं पुढे."

अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोत्यांच्या शेजारी जेमतेम जागा होती तिथं त्या आडव्या झाल्या. थोड्या वेळानं उठून बसल्या. "नाही लागत झोप," त्या मला म्हणाल्या. "पण बाई खरं बोलते. खरं बोलणाऱ्या घरात माणूस पाहुणा म्हणून राहू शकतो. चला, पलीकडच्या घरात जाऊ."

"पलीकडच्या? अक्का, ते मेलेल्याचं घर आहे."

"म्हणूनच."

त्या घरात एक म्हातारी एकटीच राहत होती. मारला गेला तो तिचा एकुलता एक मुलगा. मारणारा तिचा पुतण्या, म्हणजे ती त्याची काकू. दोन्ही पोरं लहानपणी तिच्याच हातची भाकरी खाऊन वाढलेली. आम्ही ओसरीवर बसलो तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. अक्कांनी पाणी मागितलं. तिनं लोटा आणून ठेवला, पण कोण, कुठले, काही विचारलं नाही. आम्ही शेजारच्या घरातून निघून आलेलो तिनं पाहिलं होतं. तिला सगळं कळलं होतं.

"थोडी आडवी होते, माय," अक्का म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता ओसरीवरच्या घोंगडीवर कलंडल्या.

मी चष्मा धरून बसलो. म्हातारी शेंगा फोडत होती. जरा वेळात अक्का घोरायला लागल्या. चांगल्या मोठ्यानं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीचे हात थांबले. ती अक्कांकडे पाहत राहिली. मग उठली, आतून एक जुनेर आणलं आणि माश्या बसू नयेत म्हणून अक्कांच्या तोंडावर अलगद टाकलं.

अक्का जाग्या झाल्या तेव्हा म्हातारी म्हणाली, "कोन शे वं तू? मना घरमा येईसन घोरस?"

"चुकलं, माय."

"चुकनं नही." म्हातारीनं टरफलं सुपात ओढली. "मना पोऱ्या गया तवयपासून या घरमा कोनी घोरनं नही."

अक्का उठून तिच्यासमोर बसल्या आणि तिच्याबरोबर शेंगा फोडू लागल्या. सुपातलं काम संपत आलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही तुझ्या पुतण्याच्या रजेसाठी आलो आहोत, आणि तू नाही म्हणालीस तर मी सही करणार नाही.

"मी नही म्हनू तं पोरनं लगीन बापबिगर व्हई," म्हातारी म्हणाली. "पोरनी काय करं?" मग सूप बाजूला सारून, "येवू दे त्याले. पन मना दारवरून जावानं नही. मी त्यानं तोंड दखाव नही."

अक्कांनी शिफारशीत ती अट जशीच्या तशी घालायला लावली. न्यायाधीशसाहेब हसले. "रोज पोलीस ठाण्यात हजेरी, दारूला शिवायचं नाही, गावाबाहेर जायचं नाही, हे समजलं. अमक्या दारावरून जायचं नाही, ही काय अट झाली?"

"तुमच्या अटी तो विसरला तर विसरेल," अक्का म्हणाल्या. "ही नाही विसरणार."

हुकूम आला. तो गावी गेला. लग्नाला आम्हां दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. गल्लीतून घराकडे येणारी वाट म्हातारीच्या दारावरून जात होती, म्हणून तो शेतातल्या खोपीत राहत होता आणि नदीच्या पात्रातून लांबचा वळसा घालून मागच्या बाजूनं मांडवात येत होता. बायकोनं त्याला नवं धोतर-सदरा घेतला होता. तो कुणाशी फार बोलत नव्हता. वरण-बट्टीच्या पंगती उठत होत्या आणि तो वाकून पत्रावळी मांडत होता. लोक त्याच्याकडे बघत, मग दुसरीकडे बघत. एकदोघांनी "कसा शेस?" विचारलं तर त्यानं हात जोडले.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी. मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, मग बापापुढे येऊन उभी राहिली. त्याला काय हाक मारायची ते तिला ठाऊक नव्हतं. ती वाकली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला, शेवटी आईनंच तिला गाडीत बसवलं.

गाडी निघाली. बापानं वेशीपर्यंत गाडीमागं जायचं, अशी रीत. गाडीवाट म्हातारीच्या दारावरून. वाजंत्री पुढे गेली, बैल पुढे गेले, वऱ्हाड पुढे गेलं, आणि हा कोपऱ्यावर येऊन थांबला. बायकोनं वळून पाहिलं. "चला ना," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. पुढे गाडीतल्या मुलीनं ते पाहिलं आणि गाडी थांबवायला सांगितलं. वाजंत्रीही थांबली.

म्हातारी ओट्यावर उभी होती. सगळी गल्ली तिच्याकडे पाहत होती. अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथं वळ उठला. म्हातारी त्याच्याकडे पाहत नव्हती, गाडीकडे पाहत होती.

"पोरनी गाडी कितला येळ थांबाडशी?" ती म्हणाली. "मी दार लाई लेस. जाय तू."

ती आत गेली. दार लोटलं. आतून कडी घातल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

तो पुढे निघाला. दाराशी आला तेव्हा वहाणा काढून त्यानं हातात घेतल्या आणि खाली मान घालून, अनवाणी, त्या बंद दारावरून पुढे गेला. मग मात्र वहाणा हातातच घेऊन गाडीमागं धावत सुटला, पोरासारखा.

अक्का डोळे पुसत माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाहेरून लावलेल्या कड्या मी पुष्कळ ऐकल्या हो. अशी आतून लावलेली पहिल्यांदा ऐकली."

मुदत संपली त्या दिवशी तो तुरुंगाच्या दाराशी हजर झाला. शिपायांसाठी बुंदीच्या लाडवांची पुरचुंडी आणली होती. त्यातले दोन लाडू अक्कांनी समितीच्या बैठकीत आणले. न्यायाधीशसाहेबांनी लाडू तोंडात टाकला आणि म्हणाले, "बघा, इतकी वर्षं आत काढली म्हणून तर हा असा निवला."

"असेल," अक्का म्हणाल्या. मी चकित झालो. वाद घालायची संधी त्या सहसा सोडत नसत. "कणगीतला पोरगा थोडं राहिला आणि फसला. हा पुष्कळ राहिला आणि टिकला. उद्या कुणी याच्या उलटही वागेल. मला काही नियम सापडलेला नाही, साहेब. तुम्हाला सापडला तर सांगा. तोवर मी आपली जाऊन बघते."

मी त्या कामात पुढे पुष्कळ वर्षं काढली. नियम मलाही सापडला नाही. पण माझ्या अहवालात 'घरातील वातावरण अनुकूल' हे वाक्य पुन्हा आलं नाही. मी तिथं काय पाहिलं, कोण काय बोललं, तेवढं लिहू लागलो. न्यायाधीशसाहेब त्याला गमतीनं कादंबरी म्हणत, पण प्रत्येक पान वाचत.

भडगावकडच्या त्या माणसाची उरलेली शिक्षा नंतर माफ झाली आणि तो कायमचा घरी आला. सुटल्यावर वर्षभर अधूनमधून जाऊन चौकशी करायचं काम माझ्याकडे होतं, अक्का सोबत येत. पहिल्या एकदोन भेटींत नवराबायको एकमेकांशी फार अदबीनं बोलत. "पानी आनू का?" "राहू द्या, मी लेस." अक्कांच्या कपाळाला आठी पडायची. एकदा परतताना म्हणाल्या, "इतकं गोड बोलतात. मला धास्ती वाटते."

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो. दुपार होती. शेताच्या कडेनं येत होतो, तोच खोपीपलीकडून बाईचा आवाज आला. कापूस काढून केळी लावायची, असं त्यानं परस्पर ठरवलं होतं. "केळीले पानी कोन दी? तुमना बाप?" ती कडाडत होती. "सावदावाला केळी लावतस म्हनीसन आपन बी लावो का?" तो म्हणत होता की तुला शेतीतलं काय कळतं, आणि ती म्हणत होती की इतकी वर्षं हे शेत काय तुमच्या बापानं केलं का. मग त्यानं घमेलं आपटलं. मग तिनंही काहीतरी आपटलं.

मी घाईनं पुढे निघालो. अक्कांनी मला हातानं अडवलं. तोंडावर असं हसू पसरलं होतं की मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"भांडताहेत," त्या कुजबुजल्या. "चला मागं."

"अहो, पण भेट..."

"झाली की. आता आपलं इथं काही काम नाही."

आणि कॅनव्हासचे बूट न वाजवता त्या बांधावरून माघारी चालू लागल्या. मी त्यांच्यामागं. आम्ही गाडीवाटेला लागेपर्यंत मागून आवाज येत राहिले, आधी तिचा, मग त्याचा, मग पुन्हा तिचा.